भुजंग सरांची तेरा नंबरची चाल

आमच्या सेलूत मेथीची जुडी घेता घेता लढाई पुकारणारा माणूस एकच, भुजंग सर. पिशवीतून चित्रांची दोन पुस्तकं काढायचे, एक भाजीवाल्या मावशीच्या हातात कोंबायचे आणि गरजायचे, "मावशी, नंबर बोला! मुंडकंच उडवतो!" मावशी म्हणायची, "आधी मेथी घ्या, मग उडवा."

सर चित्रकलेचे, मी त्याच शाळेत क्लार्क. दोघंही रिटायर, घरं भिंतीला भिंत. म्हणजे सगळ्यात जास्त मुंडकी माझीच उडाली.

खेळ तसा सोपा. प्रत्येक पुस्तकात एक योद्धा. आपलं पुस्तक समोरच्याला द्यायचं, त्याचं आपण धरायचं, कारण लढताना माणसाला समोरचाच दिसतो. दोघांनी आपापल्या चालीचा नंबर सांगायचा, तक्त्यात जुळवून पान उघडायचं. पानावर समोरचा कधी वार करतोय, कधी घायाळ होऊन लोळतोय. चार घाव बसले की खलास. सगळी चित्रं सरांच्या हातची, अशा अकरा जोड्या!

एक पुस्तक मात्र जोडीविना होतं. दोन वेण्या, हातात परशू घेतलेली पोरगी. मी ते सहज उचललं, तर सर केवढ्यांदा ओरडले, "त्याला हात लावू नका!" मलाही राग आला. म्हटलं, ठेवा तुमचं बाड तुमच्यापाशी. चार दिवस मी त्यांच्याकडं फिरकलोच नाही.

पाचव्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आले. "अण्णा, ती आमची वैशाली हाय. लहानपणी तिच्यासाठीच काढली होती पहिली जोडी. मी मिशावाला राक्षस, ती परशूवाली."

वैशाली एसटीत कंडक्टर झाली तेव्हा सर तिला नको नको ते बोलले होते. "माझ्या पोरीनं तिकिटं फाडायची?" पोरगी बॅग भरून गंगाखेडला गेली ती गेलीच. जाताना राक्षसाचं पुस्तक मात्र घेऊन गेली. दोन वर्षं झाली, फोन नाही, काही नाही. सर दर रविवारी तिला मोबाइलवर एकच नंबर पाठवायचे, तेरा. तेरा म्हणजे ढाल खाली टाकून मान पुढं करायची. शहाणा माणूस ही चाल जन्मात खेळत नाही.

"अहो, सरळ 'चुकलं माझं' असं लिहा की!" मी म्हणालो.

"तसं लिवता आलं असतं, तर चित्रकला कशाला शिकलो असतो?"

गेल्या रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. मोबाइल वाजला. वैशालीचा निरोप, नुसता आकडा: सहा. सरांचा चष्मा सापडेना, तो कपाळावरच होता. शेवटी तेरा आणि सहा जुळवून तक्ता मीच बघितला, पान मीच उघडलं. दोन वेण्यांची पोरगी दात-ओठ खाऊन परशू खाली आणत होती.

"हाणलं! अण्णा, पोरीनं लय जोरात हाणलं मला!" सर रडत होते आणि हसतही होते. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू.

डोळे पुसून ते पुढचा नंबर शोधायला लागले. मी म्हटलं, "शोधताय काय? तेराच ना?"

"येड लागलं का तुमाला? एक घाव बसला, तीनच उरले. आता ढाल वर धरायची अण्णा. हा खेळ लवकर संपू द्यायचा न्हाई."