व्हिटलोबुवांचं रसग्रहण

रविवारी सकाळी भार्गवराव आरशासमोर उभे राहून भाषण म्हणत होते आणि सरोजिनीबाई सुईदोरा हातात घेऊन ते संपायची वाट पाहत होत्या. कुरत्याची वरची गुंडी तुटली होती आणि वक्त्याचा हात काही केल्या छातीवरून खाली येत नव्हता.

“...आणि म्हणून मंडळी, व्हिटलोबुवांचा खर्ज गळ्यातून येत नाही, तो सोसण्यातून येतो.”

“हात खाली घ्या, नाहीतर सुई टोचंल,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “मग तुमचाही खर्ज निघंल.”

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या मराठी मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रसग्रहण होत असे. एखाद्या सभासदाने एखादं नाट्यपद, एखादा अभंग निवडायचा, आधी त्यावर पाऊण तास बोलायचं आणि मग ती तबकडी किंवा कॅसेट सगळ्यांना ऐकवायची. आधी रसग्रहण, मागून रस, असा क्रम मंडळ स्थापन झालं तेव्हापासून चालत आला होता आणि तो बदलावा असं कुणाला वाटलं नव्हतं. या महिन्याच्या वक्त्या इंदूताई ऐनवेळी सुनेच्या बाळंतपणासाठी नागपूरला निघून गेल्या. चिटणीस गंगाधरपंत चारी दिशांना फिरले, कुणी मिळेना, तेव्हा नाइलाजाने भार्गवरावांच्या दारात आले. भार्गवराव एकोणीस वर्षं दरसाल नाव देत होते आणि दरसाल ते कापलं जात होतं, कारण त्यांना ज्यावर बोलायचं होतं ती तबकडी अमेरिकेची होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी कृषी महाविद्यालयात आलेला एक अमेरिकन पाहुणा परत जाताना आपलं सामान विकून गेला होता. भार्गवरावांनी त्याच्याकडून एक तबकडी वाजवायचं यंत्र, त्याचा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणि एकच तबकडी आणली. तबकडीचं वेष्टण पाहुण्याच्या कुत्र्याने खाल्लं होतं. मधल्या गोल कागदावर ‘फंक अँड सोल’ असा तिकडच्या गाण्याचा प्रकार छापला होता आणि खाली ‘गायन, ऑर्गन, बास गिटार : डी. एम. व्हिटलो’ एवढाच मजकूर इंग्रजीत होता. “फार गुणी कलावंत, पण हे यंत्र इथे नीट चालत नाही,” असं पाहुणा चारचारदा सांगत होता. भार्गवरावांना तो त्याचा विनय वाटला.

त्या रात्रीपासून ते व्हिटलोबुवांचे झाले. गायकाला बुवा म्हणायचं हे त्यांच्या घरचं वळण, त्यात समुद्र आडवा आला नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांखाली ‘सादर’ एवढंच लिहिलं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, भोपाळहून साहेब आले, खुर्च्या बदलल्या, पण भार्गवरावांचं वाक्य कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही. मार्चमध्ये निवृत्ती होती. त्याआधी एकदा तरी चार माणसांनी आपलं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“सभागृहात लाउडस्पीकरवाल्या नत्थूचं यंत्र लावू,” गंगाधरपंत म्हणाले होते. “तुमच्या अमेरिकन पेटीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत नाही जात.”

“तबकडी तीच ना? मग सुई कोणाचीही असो,” भार्गवराव म्हणाले.

सरोजिनीबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, “एकदा त्याच्या मशीनवर लावून तर पाहा.”

“तबकडी म्हणजे काय भाजी आहे का, मीठ पाहायले?”

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्या घरात संगीताच्या बाबतीत त्यांचा शब्द एकदाच चालला होता, लग्नानंतर त्यांच्या आईने दिलेली अभंगांची तबकडी लावण्यापुरता. त्या तबकडीतल्या बाईंचा आवाज बसल्यासारखा येत होता. भार्गवरावांनी ती उन्हात राहून खराब झाली असा निकाल दिला आणि ती लोखंडी कपाटाच्या माथ्यावर गेली.

नत्थूने चार वाजता यायचं कबूल केलं होतं. तो पाच वाजायला पाच मिनिटं असताना आला, कारण पंडरी मोहल्ल्यात एका बारशात त्याचे स्पीकर अडकले होते. लग्नात लावतात ते माणसाएवढे दोन डबे त्याने व्यासपीठाच्या दोन बाजूंना उभे केले.

“भैया, चेक कर लूँ क्या?” त्याने विचारलं.

“वक्त कहाँ है? लोक बसले,” गंगाधरपंत म्हणाले. “आधी भाषणच आहे. तू माइक दे.”

चाळीसेक माणसं आली होती. निम्मी चिवड्यासाठी आली होती, कारण विषय कळल्यावर गंगाधरपंतांनी सूचनाफलकावर अल्पोपाहाराची ओळ ठळक केली होती. पहिल्या रांगेत अध्यक्ष विनोदिनीताई बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, कान तिखट, आणि रसग्रहण कंटाळवाणं झालं तर त्या पर्समधून विणकाम काढत. विणकाम निघालं की वक्ता संपला, असं मंडळात समजत असत.

भार्गवराव बोलायला उभे राहिले तेव्हा ते कागदावरून वाचत होते. पहिलं मिनिट तसंच गेलं. मग त्यांनी कागद खिशात घातला.

“हा माणूस सम कशी घेतो, ते सांगतो,” ते म्हणाले. “आपल्याकडे समेवर येतात. याच्याकडे सगळे वादक समेवर पडतात. पहिल्या मात्रेला ढोल, बास, कर्णे, सगळे एकदम, जशी धान्याची पोती ट्रकमधून खाली यावीत. आणि मग? मग काही नाही. जागा मोकळी. ज्याला जागा मोकळी सोडता येते, त्यालाच ताल कळला, मंडळी. बास गिटार बुवा स्वतः वाजवतात. चार सुरांत बोलतात आणि पाचवा तुमच्यावर सोडतात. आणि गातात कसे? तालाच्या मागे, अर्धं पाऊल मागे. घाई नाही. ज्याचं सगळं गेलं आहे तो माणूस घाई करत नाही.”

विणकाम निघालं नाही. चिवडेवाले पुढे सरकून बसले. भार्गवरावांनी बुवांचं बालपण, आई, कापसाचं शेत, एकाकी म्हातारपण, पहिल्याच गाण्यातला हुंदका असं सगळं सांगितलं. यातलं काहीच तबकडीवर लिहिलेलं नव्हतं, पण सत्तावीस वर्षं एका आवाजासोबत राहिल्यावर माणसाला एवढं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. विजेच्या बोर्डातून निवृत्त झालेले धर्मपाल, जे कुठल्याही कार्यक्रमात दहाव्या मिनिटाला डोळे मिटत, त्यांनी रुमाल काढला. भार्गवरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“आता बुवांनाच ऐकू या,” ते म्हणाले आणि बाजूला झाले. “लगा दे, नत्थू.”

नत्थूने सुई टेकवली. पोती पडली, पण ट्रक भरधाव चालला होता. ढोल दणाणले, कर्णे खिंकाळले, आणि दोन्ही डब्यांतून एक ठणठणीत, तरणीताठी बाई गाऊ लागली. गात कसली होती, दंगा करत होती. मध्येच ती हसली सुद्धा.

भार्गवराव नत्थूकडे धावले. “बंद कर, बंद कर,” ते म्हणाले. “तेरी मशीन जल्दी घूम रही है.”

“मशीन त बने हे भैया,” यंत्र चांगलं असल्याचं नत्थूने बजावलं. “कल ही बारात में बजाया.”

“बारातीत नाचतात. तिथं काय समजतं?”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. गंगाधरपंतांना न्याय करावा लागला. त्यांनी मंडळाच्या कपाटातून नांदीची तबकडी काढली, जी प्रत्येक वर्धापनदिनाला लागायची आणि जिचा प्रत्येक श्वास तिथल्या लहानथोरांना पाठ होता. नत्थूने ती लावली. नांदी जशी वाजायची तशीच, सुरात आणि वेळेत वाजली. विनोदिनीताईंनी सवयीने हात जोडले.

“म्हणजे नत्थूचं बरोबर,” गंगाधरपंत म्हणाले. “मग घरी काय होऊन राहिलं होतं तुमच्याकडे?”

धर्मपाल रुमाल घडी करत उठले. “भार्गवराव, तुमची पेटी अमेरिकेची ना? ट्रान्सफॉर्मर लावता?”

“लावतो. वीज उतरवून देतो तो.”

“दाब उतरवतो. गती नाही बदलत. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. तुमची मोटर त्या हेलकाव्यांवर फिरते. सहातला एक भाग हळू. आवाजही तेवढाच खाली. बाईचा बुवा होतो.”

“म्हणजे सत्तावीस वर्षं...” भार्गवराव म्हणू लागले.

“म्हणजे माझ्या आईच्या तबकडीत काही खोट नव्हती,” मागच्या रांगेतून सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या ते मोठ्याने म्हणाल्या नव्हत्या, पण सभागृह इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. भार्गवराव माइकजवळ उभे होते. पळून जावं तर दार सरोजिनीबाईंच्या पलीकडे होतं. त्यांना रडू येत होतं, आणि सगळ्यांत जास्त वाईट या गोष्टीचं वाटत होतं की आता आपलं शेवटपर्यंत कुणी ऐकणार नाही.

“मी सत्तावीस वर्षं या बाईंना बुवा म्हणत आलो,” ते माइकमध्ये म्हणाले. “त्यांना म्हातारं केलं, एकटं केलं, त्यांच्या वाटचं दुःख मीच लिहिलं. त्या मजेत आहेत, हे मला आज कळलं. माफी मागतो. चिवडा घ्या.”

कुणी चिवड्याकडे वळलं नाही. विनोदिनीताई काठी टेकत उठल्या.

“भार्गव, एक सांग. ते तुझे बुवा आम्हाले केव्हा ऐकवतोस?”

“ताई, ते नाहीतच.”

“नाहीत कसे? पाऊण तास मी त्यांच्यासाठी डोळे पुसून राहिले. आधी रसग्रहण झालं, आता रस पाहिजे. ही बाई चांगली आहे, पण तू हिच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. घटना पाहा, गंगाधर.”

मंडळाच्या घटनेत खरोखरच तसं होतं : ज्याचं रसग्रहण, त्याचंच श्रवण. गंगाधरपंतांनी ते वाचून दाखवलं आणि डोकं खाजवलं. यंत्र भार्गवरावांच्या घरी, घर दोन गल्ल्या सोडून. चाळीस माणसं चपला घालून निघाली. नत्थूही निघाला, कारण त्याचं काम संपलं नव्हतं असं त्याला वाटत होतं.

घरात जागा नव्हती. लोक पलंगावर, ओट्यावर, दारात, जिथे जमेल तिथे बसले. भार्गवरावांनी ट्रान्सफॉर्मर लावला, तबकडी ठेवली आणि हात मागे घेतला. पोती सावकाश, एकेक करून पडली. मग बुवा गायले, अर्धं पाऊल मागे, ज्याचं सगळं गेलं आहे अशा माणसासारखे. एक बाजू संपेपर्यंत कुणी हललं नाही. पेटीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत जात नव्हता, म्हणून मागचे लोक श्वास रोखून ऐकत होते.

“हव, ये अलग आदमी हे,” नत्थू हळूच म्हणाला.

विनोदिनीताईंनी डोळे पुसले आणि दुसरी बाजू लावायला सांगितली. भार्गवरावांना सुखाने इतकं भरून आलं होतं की तबकडी उलटी करताना त्यांच्या हातून दोनदा निसटली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, त्यांच्याकडे वळून मान हलवली, आणि जाताना गंगाधरपंतांनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरला.

चहा पिऊन लोक गेले. सरोजिनीबाई चाळीस कप विसळत होत्या आणि भार्गवराव त्यांच्या शेजारी उभे राहून कोणत्या जागेला कोण कसं हललं ते सांगत होते.

“ऐकून राहिलीस ना?”

“ऐकते ना. सत्तावीस वर्षं ऐकूनच राहिली मी, तुमच्याइतकंच,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “पण ती पहिल्याच गाण्यात मध्येच हसते ना, ते तुम्हाले बुवाचा हुंदका वाटायचा. मले तेव्हाच वाटे, हे कोणीतरी हसून राहिलं आहे. विचारलं कोणी नाही.”

 त्या हसण्यावर भार्गवरावांनी संध्याकाळी सात मिनिटं बोलून चार जणांना रडवलं होतं.

“मी गंगाधरपंतांकडे नाव देऊन टाकलं,” त्या कप पालथा घालत म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात व्हिटलोबाई. नत्थूची मशीन सांगितली आहे, यावेळेस चार वाजताच. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आणि मध्ये बोलू नका.”

“मी? मी कशाला बोलू?”

“आणि चहाचं तुमच्याकडे आहे,” सरोजिनीबाई म्हणाल्या आणि ओला कप त्यांच्या हातात दिला.