टोपण बघू दे

शेळगावात आमच्या शेजारी राहणारे शंकरतात्या टीव्ही फक्त जाहिरातींसाठी बघत. सिनेमा सुरू झाला की ते उठून म्हशीला वैरण टाकायला जात आणि जाताना बजावत, "जाहिराती लागल्या की हाक मारा."

त्या वेळी आमच्या आळीत टीव्ही एकट्या माझ्याकडे होता. मी इंदापूरच्या पंचायत समितीत कारकून. टीव्ही आल्यावर एक गोष्ट घडली, ती मला टीव्हीपेक्षा मोठी वाटे. एरवी आमच्या बौद्ध वस्तीकडे फक्त मतं मागायला येणारी माणसं रविवारी आमच्या घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली मांडी घालून बसू लागली. तात्या मात्र टीव्हीच्या आधीपासून येत. त्यांच्या उसाचा बांध आणि आमची भिंत एकच. त्यांनी आमच्याकडे चहाला कधी नाही म्हटलं नाही. फक्त "पुडा कुठला?" एवढं विचारून घेत. हा प्रश्न चौकसपणाचा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

तात्यांच्या हातात आम्हा सगळ्यांची एक नाडी होती. रविवारच्या सिनेमाला वीज हमखास जायची. मग तात्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, तारा जोडायच्या आणि माझा काळा-पांढरा टीव्ही तिच्यावर चालवायचा. बॅटरी तात्यांची, म्हणून अटीही त्यांच्या. जाहिराती लागल्या की कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, आवाज बारीक करायचा नाही. एकदा तर नायिकेला विष दिलेलं असताना त्यांनी टीव्ही बंद केला.

"अहो तात्या, ती मरतीय का जगतीय बघू तर द्या," माझी बायको मंगल म्हणाली.

"मरत न्हाय ती. अजून अर्धा सिनेमा हाय. बॅटरी जाहिरातीला राखायला लागंल."

जाहिरातींवर त्यांची टीका चालू असे, कारण गप्प बसायची अट त्यांना स्वतःला लागू नव्हती. पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत घालणाऱ्या बाईला ते म्हणत, "हिच्या दारात गोठा न्हाय. असता तर पावडरीची करामत बघितली असती." पंख्याच्या जाहिरातीत कागद उडत, पडदे उडत, पण बाईचा पदर तसूभर हलत नसे. हे त्यांनीच आम्हाला दाखवलं. "आणि ही सासू बघा. सून नवीन मिक्सर लावती आन् ही हसती. कुठल्या गावची सासू ही?"

त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप वेगळाच होता. "वसंतराव, ह्यांच्यात कुणी दुकानात जाताना बघितलं का? पैशे देताना? वस्तू आपसूक घरात येती. म्हणून समदी हसत्यात."

हे ऐकून मी मान खाली घालायचो. कारण मी जाहिरातीला भुलणारा माणूस. बारामतीच्या बाजारातून मी दातांची पेस्ट, दाढीचा फेस, डोकेदुखीचा मलम असं काय काय आणलं, आणि ते डोकं मुळात दुखत नव्हतं. तात्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "आमी बघतो. घेत न्हाय."

एका जाहिरातीवर त्यांचा विशेष राग होता. डोक्याच्या तेलाची. त्यात एक बाई गुडघ्यापर्यंतचे केस मोकळे सोडून बागेत पळते. तात्या म्हणत, "घरात कुणी गेलंय का हिच्या? केस सोडून कुठं निघाली?" सगळे हसत. तेवढ्यात तात्या बाहेर जाऊन तंबाखू थुंकून येत.

आणि एका जाहिरातीला मात्र ते एक शब्द बोलत नसत. चहाची. आई कपात चहा ओतते, वाफ येते, एकेक करून सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. शेवटी नुसता पुडा दिसतो. त्या पुड्याकडे तात्या पुढं सरकून बघत. आम्हाला वाटे, चहाचे शौकीन आहेत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी वीज गेली आणि बॅटरी आणायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. तात्या एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी चूल पेटवून माझ्यासाठी चहा टाकला. डब्यातली सुटी, काळी भुकटी. माझं लक्ष वर फळीवर गेलं. भांड्यांच्या जागी त्या जाहिरातीतल्या चहाचे पुडे ओळीनं मांडले होते. एकही फोडलेला नव्हता.

"तात्या, एवढे पुडे असताना ही भुकटी?"

"ते फोडायचे न्हाईत."

"का?"

त्यांनी चहा गाळला. कप माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाले, "सुमीनं बंद केल्यात."

सुमन त्यांची एकुलती मुलगी. कऱ्हाटीला दिली होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली, तेव्हा तात्यांनी तिला दारातूनच "नांदायचं सोडून आलीस कशाला" म्हणून विचारलं. ती आत आली नाही. तशीच पुण्याला गेली आणि चहाच्या पॅकिंगला लागली, एवढं गावाला कळलं. आमच्याकडे सासरहून लेकीला दिवाळीला आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. सुमनला भाऊ नव्हता. तिनं पुण्यातल्या खोलीचा पत्ता देऊन निरोप पाठवला होता, मुराळी आल्याशिवाय शेळगावची पायरी चढणार नाही. तात्या सगळ्यांना सांगत, "तिची ती गेली, तिची ती येईल." त्यावर किती दिवाळ्या गेल्या.

मी बॅटरी उचलली आणि निघालो. वाटेत मला आमच्या सगळ्या हसण्याची लाज वाटत होती.

सिनेमा लागला. मधे चहाची जाहिरात आली. आईनं चहा ओतला, माणसं गोळा होऊ लागली, आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागलं. बॅटरी उतरली होती. घर लहान झालं, आई लहान झाली, शेवटचा पुडा दिसायच्या आत टीव्ही विझला. पोरांनी ओरडा केला. तात्या जागचे हलले नाहीत.

"बॅटरी चार्जिंगला टाकायला लागंल तात्या," मी म्हणालो.

"व्हय. उद्या इंदापूरला नेतो." मग जरा थांबून म्हणाले, "तितनं पुण्याच्या गाड्या सुटत्यात न्हवं?"

"सुटतात की."

"न्हाय, आपलं इचारलं."

सकाळी ते धुतलेला नेहरू शर्ट घालून, बॅटरी पिशवीत घेऊन निघाले. दोन दिवसांनी आले ते सुमनला घेऊन. बॅटरी बरोबर नव्हती. ती इंदापूरच्या चार्जिंगच्या दुकानात तशीच राहिली होती, आणि ट्रॅक्टर दिवाळीभर दारात उभा राहिला.

पुढच्या रविवारी वीज होती. सुमन मंगलशेजारी बसली. चहाची जाहिरात लागली तशी सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. तात्या तर तिच्याकडे आणि पुड्याकडे आळीपाळीनं बघत होते.

"हा तूच भरला असशील," ते म्हणाले.

"कशाचं काय तात्या. चहाचं काम मी कवाच सोडलं. आता तेलाच्या कारखान्यात हाय. बाटलीला टोपण बसवते."

मला फळी आठवली.

"कुठलं तेल?" तात्यांनी विचारलं.

"ते न्हाय का, लांब केसाच्या बाईचं."

मंगलनं तोंडाला पदर लावला. "इचारायला पायजे हुतं," तात्या एवढंच म्हणाले.

सुमननं दुसऱ्या दिवशी फळीवरचा पहिला पुडा फोडला. चहाचा वास केव्हाच उडून गेला होता. तात्यांनी दोन कप घेतले आणि आम्हाला सांगितलं की असा चहा गावात कुणाकडं नाही.

ती दिवाळी करून परत कामावर गेली, जाताना संक्रांतीला न्यायला या म्हणून सांगून. त्यानंतरच्या रविवारी तेलाची जाहिरात लागली. केस मोकळे सोडून ती बाई बागेत पळू लागली. मागून कुणीतरी तात्यांचंच वाक्य म्हटलं, "काय तात्या, घरात कुणी गेलंय का हिच्या?"

तात्या थुंकायला उठले नाहीत. पुढं सरकले आणि हात वर करून म्हणाले, "गप रं. टोपण बघू दे."