शुभदाकाकूंचे पोलादी बूट

शुभदाकाकू पोळ्या लाटतानासुद्धा पायात कारखान्यातले बूट घालायच्या. जाड काळं कातडं आणि बोटांवर पोलादाची टोपी. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या अपार्टमेंटच्या हळदीकुंकवालाही त्या पैठणीखाली तेच बूट घालून यायच्या. दारात वाकून नाड्या सोडेपर्यंत अर्धं हळदीकुंकू उरकलेलं असायचं.

"काकू, घरात बूट कशाला?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"पायावर पूल पडला तर?"

पूल खरंच पडायचे. आमच्या सरकारी शाळेतल्या काही मुलांना शाळा चालू असतानाच कॉलेजात इंजिनिअरिंगचे वर्ग करता येणार होते. त्यांच्या निवडीसाठी परीक्षकांसमोर कच्च्या स्पगेटीच्या काड्यांचा पूल बांधायचा, त्यावर वजन टाकायचं आणि काय झालं ते समजावून सांगायचं. काकू पुण्याच्या इंजिनिअर. दर शनिवारी मी आणि माझ्या वर्गातला डॅरेल त्यांच्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांमध्ये पूल मांडायचो. काकू त्याला पिशवी टांगून तिच्यात वाटीवाटीने तूरडाळ ओतायच्या.

कडाड!

"मोडला? छान." काकूंचा चेहरा फुलायचा. "कुठून मोडला?"

"मधून, मिस काकू," डॅरेल म्हणायचा. काकू हे त्यांचं आडनाव आहे अशी त्याची समजूत होती.

"मधून तर सगळंच मोडतं. सांधा सुटला की काडी वाकली?"

रविवारी सुधीरकाका, म्हणजे त्यांचे यजमान, ताटातले स्पगेटीचे तुकडे बाजूला काढत म्हणायचे, "आज वरणात पूल लागतोय."

मला उत्तर बहुतेक वेळा कळायचं, पण तोंडातून निघायचं नाही. बाबा रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाक करायचे, आई किराणा दुकानात काउंटरवर. कॉलेजात आमच्या घरातलं कुणीच गेलेलं नव्हतं. तिथे जायची मला इतकी ओढ होती की तिच्या ओझ्यानेच जीभ अडकायची. काकू डाळ वेचत थांबून राहायच्या. "मोडताना पुलाला लाज वाटत नाही," त्या म्हणायच्या, "मग तुला सांगताना कसली?"

निवडीच्या दिवशी काकूंनीच मला गाडीने नेलं. मुलाखत म्हणून आईने मला लग्नातल्या तिच्या जरीच्या चपला घालायला दिल्या होत्या. कॉलेजच्या वर्कशॉपच्या दारात एका माणसाने माझ्या पायांकडे बघून मान हलवली. बंद बूट नसतील तर आत प्रवेश नाही.

मला रडूच फुटणार होतं. पण काकू बर्फाळ पायरीवर बसून नाड्या सोडायलाही लागल्या होत्या.

"घाल. थोडे मोठे होतील. अंगठा आत दाबून चाल."

माझा पूल सगळ्यात आधी मोडला. मी खाली बघितलं, तर पायात काकूंचे बूट. मग मी तुकडे उचलले आणि बोलायला लागले. कुठला सांधा सुटला, भार कुठे सरकला, पुन्हा बांधला तर आडवी काडी कुठे लावीन. परीक्षकांनी प्रश्न विचारले, मी आणखी बोलले. शेवटी एक बाई हसून म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये भेटू."

मी धावतच गाडीकडे आले. काकू मोजे घातलेले पाय हीटरसमोर धरून बसल्या होत्या.

"कुठून मोडला?"

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी लेथ मशीन केवढं होतं ते विचारलं. आत तेलाचा वास येत होता का, तेही विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या थोडा वेळ काचेतून वर्कशॉपच्या दाराकडे बघत राहिल्या.

मी नाड्या सोडायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू देत तुझ्याकडे. काकांच्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. परवानगी आली की पहिल्याच दिवशी बूट चावायला नकोत, म्हणून घालत होते. न घातलेलं कातडं कडक होतं गं." त्यांनी गाडी सुरू केली. "परवानगी आली की मी परत मागेन. तोवर रोज घाल."

आता मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. काकूंनी बूट अजून मागितलेले नाहीत. मी रोज घालते.