बेळगुंदीचं रक्तप्रकरण

नागेंद्र स्वतःला साधा तंत्रज्ञ समजत नसे. "सुई ही माझी रोजीरोटी, शोध हा माझा धर्म. रक्त माझ्याशी बोलतं!" असं तो टिळकवाडीच्या प्रयोगशाळेत येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. त्याच्या वरिष्ठ, डॉ. पारमिता, म्हणत, "बोलू दे. फक्त सांडू नकोस."

डुकरांतला फीतकृमी ओळखणारी रक्तचाचणी बाई तयार करत होत्या. निरोगी डुकराच्या रक्ताला तिनं 'नाही' म्हणायला हवं. म्हणून नागेंद्रनं बेळगुंदीहून, डुकरं पाळणाऱ्या बाळाबाईच्या बंदिस्त, म्हणून निरोगी समजलेल्या डुकरांचं रक्त आणलं. प्रत्येक नळीत चाचणी म्हणाली, 'आहे'. बाईंचा चेहरा उतरला. सगळी मेहनत पाण्यात!

नागेंद्रचे डोळे मात्र चमकले. "बाई, घातपात!"

दोघं बेळगुंदीला पोचले. नळ्या कुणीतरी बदलल्या, हा नागेंद्रचा पहिला सिद्धान्त. पण नळ्या वाटभर त्याच्याच मांडीवर होत्या, म्हणून संशयित गैरसोयीचा निघाला. मग आठवलं, हा जंत माणसाच्या पोटातून डुकरात जातो. म्हणजे गुन्हेगार घरातच! त्यानं बाळाबाईच्या नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं.

"रवळूआप्पा, खरं सांगा. पोटात काय वळवळतंय?"

"भूक. सकाळधरनं तुमीच बोलालाय, जेवाय कोण सोडतंय?"

तिकडं बाईंनी सरळ विचारलं, "बाळाक्का, रक्त काढताना काय झालं?"

"काय व्हतंय? सायेब दारात गूळ घेऊन बसलेते. गोदी आली, गूळ खाल्ली, रक्त दिली. मागनं फिरून परत आली. परत गूळ, परत रक्त. बाकीची लांबनंच बघालती."

"सगळ्या नळ्यांत एकाच डुकरिणीचं रक्त? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, सायबास्नी तीच पसंत पडली."

"काळी डुकरं सगळी सारखीच दिसतात," नागेंद्र पुटपुटला.

"ही गोदी इथलीच?" बाईंनी विचारलं.

"न्हाय वो. निपाणीच्या भावानं दिली. तितं उकिरड्यावर, हागणदारीत मोकळी फिरायची." बाळाबाईनं वळून डुकरांकडं पाहिलं. "मग बाकीच्यास्नी बी लागलंय काय?"

गुळाला न भुलणारी ती बाकीची डुकरं रक्तासाठी धरताना नागेंद्र चिखलात तीनदा आडवा झाला. संध्याकाळी चाचणी प्रत्येक नळीला 'नाही' म्हणाली. चाचणी पहिल्यापासून खरंच बोलत होती. बाईंनी लगेच फोन लावला, "आक्का, बाकीची ठणठणीत आहेत. गोदीला औषध देऊ." पलीकडं बाळाबाई हसतेय की रडतेय, कळेना.

नागेंद्रनं कानातला चिखल काढत विचारलं, "बाई, शोधनिबंधात माझं नाव कुठं येणार?"

"आभारात," बाई म्हणाल्या. "गोदीच्या खालोखाल."