वाढीव फेरी

नऊ जानेवारी, शुक्रवार. आजचं काम: मोहितेकाकांच्या गाडीच्या मागच्या काचेवरचा लाल 'एल' खरवडून काढणे.

काल मी गाडीच्या परीक्षेत पास झाले, दुसऱ्या खेपेला. तेव्हा 'एल' काढणं माझंच काम. पण त्यात एक अडचण आहे. मी काकांची शेवटची विद्यार्थिनी. काकांची पिस्ता रंगाची गाडी उत्तम चालते, खिशात लायसन्स आहे, डोळे ठणठणीत आहेत, पण गेली चार वर्षं काका स्वतः स्टिअरिंगला हात लावत नाहीत. कोणी शिकाऊ असेल तरच ती गाडी नागरवाड्यातून हलते. शिकाऊ आता मिळत नाहीत. म्हणजे माझ्या पास होण्याने काकांची गाडी बंद पडली.

शिकाऊ का मिळत नाहीत, हे काकांना पाच मिनिटं भेटलेल्या कोणालाही कळेल. ते नमस्काराच्या जागी दंड सांगतात. हेल्मेटशिवाय कोणी समोरून गेला की शांतपणे म्हणतात, "पाचशे." एवढंच. रागावणं नाही, उपदेश नाही. आमच्या गल्लीतले दाताचे डॉक्टर रोज बोडक्या डोक्याने स्कूटर काढतात आणि रोज "काका, आजे जवा दो", आज सोडून द्या, म्हणून हात जोडतात. काका मान हलवून पुन्हा म्हणतात, "पाचशे." गेल्या वर्षी एका लग्नात नवरदेवाचे तीन मित्र एकाच मोटारसायकलवरून मांडवाच्या दाराशी उतरले. काका स्वागताला उभे होते. त्यांनी तिघांवर गुलाबपाणी शिंपडलं आणि शिंपडता शिंपडता तीन सवारीचा दंड सांगितला. मुलीकडचे गुजराती लोक समजले, हा काही मराठी विधी असावा.

काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले, पण कलमं त्यांच्याबरोबर घरी आली. एरवी ते मला "सुनंदा, चहा घेतेस का" असं म्हणतात. गाडीत बसले की मी "सुनंदाबेन" होते आणि अहो-जाहो सुरू होतं. आरोपीलाही मानाने हाक मारायची, ही कोर्टातली सवय.

धडा सकाळी साडेसहाला. काका डावीकडे बसत, पट्टा लावत, मांडीवर चार पुडांचा स्टीलचा डबा ठेवत आणि चावी फिरवण्याआधी तोंडी परीक्षा घेत.

"पिऊन गाडी चालवली?"

"पहिल्यांदा दहा हजार किंवा सहा महिने कैद, नाहीतर दोन्ही."

"शिकाऊ माणूस एकटाच गाडी घेऊन निघाला?"

"विनापरवाना धरतात."

"अल्पवयीन मुलाच्या हातात चावी दिली?"

"पालकाला पंचवीस हजार आणि तीन वर्षांपर्यंत कैद."

एकदा मी म्हटलं की सकाळी साडेसहाला मी पिऊन येणार नाही आणि माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. काका म्हणाले, कायदा माणूस बघून पाठ करायचा नसतो. मी पाठ केला. लेखी परीक्षेत माझा एकही प्रश्न चुकला नाही, हे कबूल करायला हवं.

काका माझ्याकडून पैसे घेत नव्हते, त्यामुळे मला दंडही रुपयांत करता येत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःची शिक्षा काढली होती: एक फेरी वाढीव. इंडिकेटर विसरलं, एक फेरी वाढीव. झेब्रा पट्ट्यांवर चाक गेलं, एक फेरी वाढीव. लोकांच्या दाराशी हॉर्न वाजवणं त्यांच्या लेखी सगळ्यात वाईट. त्याला माफी नाही. गाडी मात्र कितीही वेळा बंद पडली तरी शिक्षा नसे. सयाजीगंजात स्टेशनसमोर माझी गाडी एकदा सात वेळा बंद पडली, मागच्या रिक्षावाल्याने माझ्या माहेरचा उद्धार केला, आणि काका शांतपणे म्हणाले, "अज्ञानाला दंड नाही, सुनंदाबेन. घाईला आहे." हे वाक्य मी ऑफिसातही वापरते.

वाढीव फेरी नेहमी मकरपुऱ्याची. तिथे कारखान्यांच्या रस्त्याला सातची पाळी सुरू होते, त्या वेळी डावीकडे गाडी लावायची. काका डबा घेऊन उतरत आणि गाडीला टेकून उभे राहत. सायकली, मोटारसायकली, कंपन्यांच्या बसेस, सगळं समोरून जात असे. दहा मिनिटांनी काका डब्यासकट परत बसत आणि म्हणत, "चला." काय बघता, असं विचारल्यावर उत्तर मिळे, "वाहतुकीचं निरीक्षण." मी समजले, पेन्शनरांचा छंद. डबा म्हणजे त्यांची न्याहारी असेल, असंही मी धरून चालले होते. काही दिवसांनी मला एवढं कळलं की मी अगदी बिनचूक गाडी चालवली तरी काकांना माझी काहीतरी चूक सापडतेच.

तर आज दुपारी मी बादली, जुनी पोस्टकार्डं आणि गरम पाणी घेऊन काचेशी बसले होते. काकांनी तो 'एल' असा चिकटवला होता की काच आधी निघेल. त्याचा उभा दांडा निम्मा निघाला, तेवढ्यात सरलाकाकी ओट्यावर आल्या. काका आत झोपले होते.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "एवढी काय घाई आहे?"

मी म्हटलं, घाईला दंड आहे, हे मला ठाऊक आहे. पण पास झालेल्या माणसाने 'एल' लावून फिरणंही बरोबर नाही. काकी हसल्या नाहीत. ओट्यावर बसल्या आणि त्यांनी मला डब्याची गोष्ट सांगितली.

चार वर्षांपूर्वी दोघं सकाळीच मकरपुऱ्याकडे एका लग्नाला निघाले होते. काकींची नथ सापडेना म्हणून उशीर झाला. मुहूर्त गाठायला काकांनी आयुष्यात पहिल्यांदा लाल दिवा तोडला. समोरून पाळीला निघालेला एक सायकलवाला गाडी चुकवताना पडला. लागलं नाही, पण डबा उघडून थेपले आणि बटाट्याची भाजी रस्त्यावर सांडली. तो उठला, कपडे झटकले, रिकामा डबा उचलला आणि वर काकांनाच म्हणाला, "कशो वांधो नहीं, काका. तमे जाव, मोडुं थशे."

"म्हणजे उपाशी तो राहणार," काकी म्हणाल्या, "आणि आम्हाला उशीर होईल याची काळजीही त्यालाच."

काका दुसऱ्या दिवशी स्वतः वाहतूक चौकीत गेले. तिथे कॅमेरा नव्हता, तक्रार नव्हती. हवालदाराने त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. दंड करायला कोणी तयार होईना, तेव्हा काकांनी स्वतःच हुकूम लिहिला, तारीख घालून, सही करून. तो देवघरात आहे: त्या माणसाच्या हाती भरलेला डबा देईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

मी व्यवहाराचं विचारलं: मग रिक्षाने का जात नाहीत?

"गेले की पंधरा दिवस. पण यांना त्याचा चेहराच आठवत नाही. हे खाली मान घालून उभे होते. तो यांना ओळखेल तर गाडीवरूनच." काकी उठल्या. "नथ माझी सापडत नव्हती. म्हणून डबा मी भरते. वाढीव फेरी झाली की तो तसाच परत येतो. दुपारी आम्ही दोघं तेच खातो."

मी बादली उचलली. अर्धा 'एल' काचेवर तसाच राहिला.

दहा जानेवारी, शनिवार. सकाळी साडेसहाला मी काकांच्या ओट्यावरच्या खिळ्याला लटकलेली चावी काढून घेतली, गाडीत बसले, पट्टा लावला आणि हॉर्न दाबला. चांगला लांब, दोनदा. डॉक्टरांची खिडकी उघडली. मग काकांचं दार उघडलं. काका माकडटोपी घालून बाहेर आले. मागे काकी उभ्या होत्या, हातात डबा घेऊन.

"सुनंदाबेन," काका म्हणाले, "दुसऱ्याची गाडी न विचारता घेतली. तीन महिन्यांपर्यंत कैद."

"आणि हॉर्नचं?"

काका गाडीच्या मागे गेले, काचेवरचा अर्धा 'एल' बघून आले. काकींच्या हातून त्यांनी डबा घेतला, डावीकडचं दार उघडून बसले, पट्टा लावला.

"एक फेरी वाढीव," ते म्हणाले.

मी इंडिकेटर दिलं आणि गाडी मकरपुऱ्याच्या रस्त्याला काढली.