बायकांच्या बाजूचं तिसरं बाक

आमच्या छावणीतल्या चर्चमध्ये पुरुष उजव्या बाजूला बसत आणि बायका डाव्या. नवरा-बायको एकाच टांग्यातून येतील, पण दारातून आत पाऊल पडलं की दोघांच्या वाटा वेगळ्या. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायची कुणाची छाती होत नसे. अपवाद एकच, शांतवनमामा. हे गृहस्थ दर रविवारी टोपी काढून, धोतराचा सोगा सावरून, बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर ऐसपैस बसत. आणि नवल म्हणजे बायकांपैकी कुणीही कधी तक्रार करत नसे.

मी औरंगाबादला बदलून आलो तेव्हा निजामावरच्या पोलीस ॲक्शनला पंधराएक वर्षं झाली होती. पहिल्याच रविवारी मी मामांना त्यांच्या जागेबद्दल विचारलं आणि फसलो. दुपारचं जेवण त्या दिवशी चार वाजता झालं.

मामा चर्चची घंटा वाजवत, दिव्यांच्या काचा पुसत आणि उरलेल्या वेळात चर्चचा इतिहास सांगत. खरं म्हणजे इतिहासातून उरलेला वेळ घंटेला मिळे. चर्च गोऱ्या पलटणीनं बांधलं. दगड दौलताबादच्या बाजूनं बैलगाड्यांतून आला. गोरे शिपाई उपासनेला बंदुकीसकट येत, म्हणून बाकांपुढच्या पुस्तकं ठेवायच्या फळ्यांना खाचा पाडलेल्या होत्या. बंदूक खाचेत टेकवायची आणि मग डोळे मिटायचे.

"इतिहास खोटा सांगायचा नाय," मामा म्हणत. "बोट घाला. सबूत बघा."

प्रत्येक खाचेत बोट घातल्याशिवाय सुटका नसे. एकदा एका लग्नात नवरीकडची मंडळी खोळंबून राहिली, कारण नवरदेवाचं बोट सातव्या बाकाच्या खाचेत होतं.

एक सोडून सगळ्या खाचा पुरुषांच्या बाजूला होत्या. ती एक बायकांकडे, तिसऱ्या बाकाला. त्यावरून मामांनी सिद्धान्त मांडला होता की डावी बाजूही मुळात पुरुषांचीच, सबब ते बसतात तेच बराबर. यावर पाळकसाहेबांनीही हात टेकले होते.

पोलीस ॲक्शनचा भाग मामा फार रंगवून सांगत. सगळं शहर दारं लावून बसलेलं. तरी पुढच्या रविवारी मामांनी घंटा वाजवलीच. "तीन माणसं आली उपासनेला. पाळकसाहेब, मी..." इथं त्यांना हटकून खोकला येई आणि गोष्ट घंटेच्या लोलकाकडे वळे. तिसरा माणूस मला कधी कळला नाही. इतिहासकाराचाही एखादा धागा सुटतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

पुढे बाकांना कीड लागली. पंचकमिटीनं ठरवलं की बाकं मोडून खुर्च्या आणायच्या. फक्त बंदुकीच्या खाचा असलेली बाकं तेवढी ठेवायची, कारण ती ऐतिहासिक. माझं अक्षर बरं, म्हणून मी कमिटीचा चिटणीस होतो. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. बाकं मोडणार होते ते रहीमचाचा, जुने जाणते सुतार, त्यांना बरोबर घेतलं. मामा अर्थातच न बोलावता आले.

उजवी बाजू झाली. डावीकडे वळलो तसे मामा गप्प झाले. मामा गप्प झालेले मी प्रथमच पाहिले.

रहीमचाचांनी तिसऱ्या बाकाच्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साब, ये पुरानी नक्को समझो. कानस से घिसे सो है. सुतार का हाथ बी नहीं."

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली आणि ते बाकावर बसले.

"मीच घासली," ते म्हणाले. "आमची सगुणा हितं बसायची. गुडघ्यानं अधू. ऐन प्रार्थनेत काठी खाली पडायची, सगळे डोळे उघडून बघायचे. लाजून मरायची बिचारी. म्हणून एका दुपारी कानस घेऊन आलो."

सगुणामामी मी येण्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या, एवढंच मला ठाऊक होतं. बायका तक्रार का करत नव्हत्या, ते आत्ता उमगलं. आणि तो खोकलाही.

"तिसरं माणूस त्याच होत्या ना, मामा?"

"व्हय." ते खाचेत बोट फिरवू लागले. "लई भेदरली होती. सगळं चर्च रिकामं. ती हितं एकटी, मी तिकडं एकटा. मधी एवढीशी वाट. पण बायकांच्या बाजूला कसं बसायचं, म्हणून उठलो नाय. घंटा वाजवायला भ्यालो नाय, आन् एवढ्याला भ्यालो."

मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आता लिवा काय खरं हाय ते. बाक जाऊ द्या. इतिहास खोटा सांगायचा नाय."

माझ्या हातातली पेन्सिल काही हलेना. रहीमचाचा पुन्हा खाली वाकले, खाचेत फुंकर मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "बंदूक पतली हुइंगी, साब. लिख डालो."

मी लिहिलं : डावी बाजू, बाक तिसरे, खाच एक. ठेवावे.

पुढच्या रविवारी खुर्च्या आल्या. तिसऱ्या बाकावर मामा बसले होते. मी बायकोबरोबर आत आलो आणि तिच्या मागोमाग डावीकडे वळलो. "अहो, तुमची बाजू तिकडे," ती कुजबुजली. मी मामांच्या मागच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिला बसवलं, दुसरीवर मी बसलो. मामांनी वळून पाहिलं नाही; फक्त पुढ्यातल्या खाचेवर हात ठेवला.

कुणी हटकलं तर काय सांगायचं, हे मी घोकून आलो होतो. पण बायकांपैकी कुणीच काही विचारलं नाही.