तांबोळींच्या तीन कड्या

आमच्या शेजारचे दस्तगीर तांबोळी खुर्चीवर बसण्याआधी तिला हातोडीने ठोकतात. जोरात नाही, डॉक्टर गुडघ्यावर मारतात तेवढंच. मग मान तिरकी करून ऐकतात. आवाज पसंत पडला तर बसतात, नाही तर उभ्याने चहा पितात. माझ्या सागवानी खुर्चीवर ते आजतागायत बसलेले नाहीत. "फुटका आवाज हाय, वहिनी," असं पहिल्याच दिवशी सांगून ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. ते स्टूल त्यांनी पास केलं होतं, आणि तेच मोडलं. जमिनीवर बसल्या बसल्या त्यांनी त्याचा तुटका पाय ठोकून पाहिला आणि म्हणाले, "आत्ता येतोय फुटका."

मुलांनो, व्हिडिओवर बोलताना माझ्यामागच्या खिडकीतून डोकावणारा माकडटोपीतला माणूस कोण, असं तुम्ही विचारलंत. तेच हे तांबोळी. लोणावळ्यातलं आपलं घर जोडघर आहे हे तुम्हाला आठवत असेल. मधली भिंत एकच. तिच्या पलीकडे ते एकटे राहतात.

ते मूळचे कामशेतजवळच्या वडिवळ्याचे. रेल्वेत होते. घाट उतरण्याआधी गाड्या लोणावळ्याला थांबत, तेव्हा लांब दांड्याच्या हातोडीने चाकं ठोकत जायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. गंमत अशी, की उभ्या नोकरीत त्यांना एकही तडा गेलेलं चाक सापडलं नाही. दुसरा कोणी याचा अभिमान बाळगून निवृत्त झाला असता. तांबोळींची झोप उडाली.

"सापडलं न्हाई म्हंजी नव्हतं आसं न्हाई, वहिनी," ते म्हणतात. "एखादं गेलंच आसल माझ्या हातनं. ते कुटंतरी फिरतंय."

तेव्हापासून ते सगळंच ठोकतात. कलिंगड, गॅसची टाकी, नव्या चपला, माझ्या गाडीची चाकं. स्वतः आगगाडीत बसत नाहीत. चिक्की खात नाहीत, कारण दाताला तडा गेला तर कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. धुकं पडलं की रस्त्याने मोठमोठ्याने खोकत चालतात, म्हणजे समोरून येणारा आपल्यावर आदळू नये. लग्न केलं नाही. का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणूस ठोकून बगता येत न्हाई ना."

आणि त्यांच्या दाराला तीन कड्या आहेत. दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज येई: वरची कडी, मधली कडी, खालची कडी, आणि मग दाराला लावायला ओढलेल्या ट्रंकेची करकर. ट्रंकेचा आवाज आला की मी कुकर लावायची. घड्याळाची गरजच नव्हती.

अशा माणसाच्या घरी दोन गिनी पिग कसे आले? काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या टोकाच्या बंगल्यातले सुट्टीचे पाहुणे उन्हाळा संपल्यावर निघून गेले आणि पिंजरा फाटकाबाहेर ठेवून गेले. तांबोळी भाजी घेऊन येत होते. तासभर कोणी परत येतं का याची वाट पाहिली आणि मग पिंजरा उचलून घरी आणला. दोघीही माद्या होत्या, सशासारख्या गुबगुबीत पण कान आखूड आणि शेपूट मुळीच नाही. तांबोळी त्यांना नुसतं 'गिनी' म्हणत. पुढचा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. "डुकराचा काय संबंध? नाव ठेवणाऱ्यानं ठोकून न बगता ठेवलंय," असं त्यांचं मत. चपळ होती ती मेल, आणि रमतगमत चालणारी पॅसेंजर.

रोज सकाळी ते कोथिंबिरीची पिशवी उघडत. प्लास्टिक सळसळलं रे सळसळलं, की दोघी अशा काही किंचाळत, की माझ्या स्वयंपाकघरात दूध उतू जाता जाता थांबावं. तुम्हाला मागे फोनवर ऐकू आली ती शिट्टी कुकरची नव्हती.

यंदा श्रावणात मेल गेली. वय झालं होतं. तांबोळींनी तिला पेरूच्या झाडाखाली पुरलं, आणि वर धोंडा ठेवायच्या आधी तो ठोकून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे पिशवी सळसळली. पुढे काहीच नाही. पुन्हा सळसळली. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. थोड्या वेळाने तांबोळी दारात आले. हातात हातोडी नव्हती. हातोडीशिवाय तो माणूस मी प्रथमच पाहत होते.

"वहिनी, पॅसेंजर बोलत न्हाई. खात बी न्हाई."

आम्ही तिला टोपलीत घालून तळेगावला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गाडी मी चालवली. तांबोळींनी निघण्याआधी चारही चाकं ठोकली आणि डाव्या मागच्या चाकाबद्दल शंका नोंदवून मागे बसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. "हे प्राणी फार वेळ उपाशी राहिले की आतडी थांबतात. हिचं वय पाहता मला भीती वाटते. सिरिंजने भरवत राहा. पण आज्जी, खरं औषध म्हणजे सोबत. हिला कुणीतरी जोडीला बघा, आणि लवकर बघा."

भिजवून कालवलेला चारा आणि पेरूचा गर सिरिंजने भरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण तांबोळींना ते करवत नसे. पॅसेंजर मांडीवर निमूट बसे. घास गिळे आणि भिंतीकडे तोंड करी. अंगावरचे केस पिंजारले होते, पाठीचा कणा बोटाला लागत होता. रोज सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं मीच काढायचं, असंही ठरून गेलं. "तुमी बगा आदी," म्हणून ते बाहेर जाऊन धुक्यात उभे राहत आणि खोकत. मी फडक्याचं टोक धरी, आणि खरं सांगते, माझाही हात पुढे होत नसे. शेवटी टोक उचलून आत काही हललेलं दिसेपर्यंत वाकून बघायची. मग ओरडून सांगायची, "आहे हो, आहे." बाहेरचा खोकला थांबे.

जोडीदारीण शोधायला मी कंबर कसली. ओळखीपाळखीत फोन फिरवले, फोटो मागवले. चिंचवडच्या एका दुकानात गोजिरवाणी पिल्लं होती. तांबोळींनी फोटो पाहिला. "लय चमकतीय." दुसरी पांढरी होती, "डोळे लाल हायेत." तिसरीबद्दल म्हणाले, "कान ताठ हाय, भांडकुदळ आसल." वडिवळ्याच्या पुतण्याने ससा देऊ केला, तो डॉक्टरांनीच नको म्हटला, नाहीतर त्याच्यातही यांनी काहीतरी काढलंच असतं.

पॅसेंजर दिवसेंदिवस हलकी होत होती. एका दुपारी माझा संयम सुटला.

"तांबोळी, ही तुमच्या नखऱ्यांपायी मरणार आहे. कोणतीही चालेल, उद्या जाऊन आणू."

ते म्हणाले, "ती पिल्लं किती वर्सं जगत्यात, वहिनी?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, पाच-सहा, कधी आठ."

"पॅसेंजर जाईल. मग ती पोर एकटी. मग तिला जोडीदारीण आणायची. ते जाऊ द्या. पण माझंच चाक आदी बद्द वाजलं तर?" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पिंजरा परत फाटकाबाहेर जाईल."

संध्याकाळी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि म्हटलं, आम्हाला म्हातारीच हवी आहे.

म्हातारी मिळाली ती आंबीला, तिथल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका कुटुंबाकडे. नवऱ्याची बदली गुजरातला झाली होती, सामान बांधलेलं होतं, आणि खोक्यांच्या मधोमध एक जाडजूड, तुटक्या कानाची गिनी बसून गवत चघळत होती. घरातल्या बाईंचं नाव सुरेखा.

"पोरीनं आणलीवती, पोर गेली सासरी. ही राहिली आमच्या गळ्यात," सुरेखा म्हणाली. मग तिचं लक्ष तांबोळींच्या हाताकडे गेलं. "अवो आबा, जनावराला हातुडी मारताय का काय?"

"न्हाई न्हाई. नुसतं खोकं ठोकतोय."

"ठोका. आमचं न्हाई, कंपनीचं हाय."

गाडीत बसेपर्यंत तिचं नाव मालगाडी ठेवून झालं होतं. पण घर जवळ येऊ लागलं तसे तांबोळी पुन्हा पुन्हा टोपलीत डोकावू लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, की अनोळखी गिनी एकमेकींना चावून रक्तबंबाळ करू शकतात. जागा दोघींनाही परकी हवी, आणि पळायला वाट हवी. पॅसेंजरच्या अंगात एक चावा सोसायची ताकद राहिली नव्हती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि दुसरा उपायही नव्हता.

माझ्या व्हरांड्यात जुनी चादर अंथरली, गवत टाकलं, लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं. तांबोळींनी लाल फडकं स्वतःकडे ठेवलं आणि माझ्या हाती हिरवं ब्लाउजपीस दिलं.

"समदं ठीक आसलं की हिरवं दाखवा."

"कोणाला? या दोघींना?"

"मला." आणि ते पाठ फिरवून, भिंतीला नाक लावून उभे राहिले.

"अहो, पाठ करून उभे राहिलात तर दिसणार कसं?"

"मंग तोंडानं सांगा. माझ्यानं बगवत न्हाई."

मी दोघींना चादरीच्या दोन टोकांना सोडलं. बाहेर धुकं इतकं दाट, की अंगणातली जास्वंदही दिसत नव्हती. मालगाडी तुरुतुरु पुढे आली, थबकली आणि दात वाजवू लागली. सुपारी कातरल्यासारखा आवाज. डॉक्टरांनी सांगितलेली धोक्याची खूण हीच.

"काय वाजतंय?" तांबोळी भिंतीला म्हणाले.

"काही नाही." मी टॉवेल हातात घेतला. मालगाडीने पॅसेंजरला ढुशी मारली. इतके दिवस मुकी असलेली पॅसेंजर किंचाळली. ती किंकाळी ऐकून तांबोळींच्या हातातून हातोडी सुटली आणि फरशीवर अशी आदळली, की माझ्या कानठळ्या बसल्या आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा चादर रिकामी होती. मी वाकून खोक्यात पाहिलं. आत, अगदी मागच्या कोपऱ्यात, दोघी एकमेकींना चिकटून थरथरत होत्या. तुटक्या कानाखाली पॅसेंजरचं तोंड खुपसलेलं.

"गेली का?" तांबोळींनी विचारलं.

"या आणि बघा."

ते आले, गुडघ्यांवर बसले, पण बघायला बराच वेळ लावला. आम्ही कोथिंबिरीची एक काडी खोक्याच्या तोंडाशी ठेवली. मालगाडी येऊन ती ओढून घेऊन गेली. काही वेळाने काडीचं दुसरं टोक पॅसेंजरच्या तोंडात होतं.

मला वाटलं, आता तांबोळींची भीती थोडी कमी होईल. पण पुढच्या दिवसांत भिंतीवर ठोकाठोक सुरू झाली. कधी माझ्या फडताळामागे, कधी ओट्यामागे. कॅलेंडर हलायचं. ओल शोधत असतील, असं मला वाटलं. मग एका संध्याकाळी दिवे लागले, आणि कड्या वाजल्या नाहीत. ट्रंक सरकली नाही. मी कुकर हातात घेऊन वाट पाहिली. शेवटी राहवेना, म्हणून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. तांबोळी आत, माझ्या ओट्यामागच्या भिंतीला टेकवून पिंजरा सरळ करत होते.

"कड्या लावायच्या राहिल्या, तांबोळी."

"राहिल्या न्हाईत. आता लावत न्हाई." त्यांनी भिंत बोटाने ठोकली. "हितं पातळ हाय. पलीकडं तुमचा गॅस. दोघी मिळून वरडल्या की तुमाला ऐकू यील. सकाळी वरडत राहिल्या, थांबल्याच न्हाईत, तर तुमी या."

मी विचारलं, "आणि चोर आला तर?"

"येऊ द्या." ते पिंजऱ्यातलं गवत उगाच नीट करत होते. "कड्या आतनं असल्या, तर लोक दार फोडत्यात, वहिनी. लय आवाज हुतो. ह्या दोघी घाबरत्याल."

मुलांनो, तेव्हापासून माझी सकाळ अशी असते: आधी किंकाळ्या, मग पिशवीची सळसळ, मग शांतता. शांतता झाली की मी आधण ठेवते.

गेल्या आठवड्यात एकदा किंकाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. पिशवी वाजेना. मी भिंतीवर उलथनं आपटलं. उत्तर नाही. गॅस बंद केला एवढं आठवतं. धुक्यात दोन्ही घरांमधली पायरीही दिसत नव्हती. त्यांच्या दाराला हात लावला, ते आत गेलं, आणि माझं पाऊल उंबऱ्यावर अडलं. आतून दोघींचा एकसारखा आक्रोश. मी तांबोळींना हाक मारली.

तेवढ्यात मागे, धुक्यात, कोणी तरी मोठ्याने खोकलं.

तांबोळी परसातून येत होते. कोथिंबीर संपली होती म्हणून गवत खुडायला गेले होते. मूठभर ओलं गवत हातात होतं. त्यांनी माझ्या हातातलं उलथनं पाहिलं, मग माझा चेहरा.

"म्हंजी पोचतो आवाज," ते म्हणाले.

मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मी अनवाणी आले होते. त्यांनी गवत काखेत धरलं, आपल्या वहाणा काढल्या, एकीवर एक ठोकून कानाशी धरून ऐकल्या, आणि माझ्यापुढे ठेवल्या.